फुगवलेले केस

केस फुगवायला शिकण्यासाठी मी नांदेडहून लातूरला गेले होते, ही गोष्ट मी अजूनही चारचौघांत सांगत नाही. कुणी विचारलंच तर ‘एक ट्रेनिंग केलं’ म्हणते आणि विषय बदलते.

त्याच लातुरात त्याआधी मी रसायनशास्त्र शिकवत होते. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं, त्यांच्याहून जास्त डॉक्टर व्हायला निघालेले त्यांचे आईबाप, आणि या सगळ्यांवर जगणारा आमचा क्लासचालक. एके दिवशी त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या बॅचपासून राजस्थानातले कुणी सर पडद्यावरून शिकवणार होते. “तुम्ही मागं बसून डाउट सोडवा मॅडम,” तो म्हणाला. असं म्हणाला की जणू बढतीच देतोय. पडद्यावरच्या माणसाच्या मागं बसायची माझी तयारी नव्हती. मी बॅग भरली आणि नांदेडला थोरल्या बहिणीकडे आले.

ताईचं पार्लर तिच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. दोन खुर्च्या, एक आरसा, आणि दारावर पडदा. आरशाला कडेनं टिकल्या चिकटवलेल्या असतात, येणाऱ्या बायकांनी सोडून दिलेल्या. मी आले त्याच सुमाराला ताईचा खांदा धरला. उजवा हात कानाच्या वर जाईना. भुवया कोरणं, फेशियल हे ती कसंबसं करी, पण नवरीचे केस कोण करणार? लग्नसराई तोंडावर होती. आणि आजकालच्या नवरीमुलींना साधा अंबाडा नको असतो. त्यांना मागून डोकं टेकडीसारखं उचललेलं हवं, त्यावरून चार प्रकारच्या वेण्या उतरलेल्या हव्यात आणि सगळ्यात मोती खोचलेले हवेत.

“तू नुसती बसून काय करून राहिलीस?” ताई म्हणाली. “लातूरला पुण्याची बाई येऊन राहिली शिकवायला. जा, शिकून ये.”

“मी? वेण्या घालायला?”

“का? एम.एस्सी.ला बोटं नसतात का?”

ताईपुढे कुणाचं चालत नाही. मी गेले.

लातुरात पूर्वी चौकाचौकात गुणवंत पोरांच्या तोंडांचे फलक असत. ते अजून आहेतच, पण आता त्यांच्या शेजारी नवरीमुलींच्या डोक्यांच्या मागच्या बाजूचे फलक लागले होते. तोंड नाही, नाव नाही, नुसता पाठमोरा फुगवटा आणि त्यात खोचलेली फुलं. त्यातल्याच एका फलकाखालच्या मंगल कार्यालयात, वरच्या मजल्यावर आमचं शिबिर होतं. खुर्च्यांना आदल्या लग्नातली साटीनची कापडं तशीच होती. पुढं गोल दिवे लावलेले होते आणि टेबलावर आमच्यासाठी प्लास्टिकची मुंडकी मांडून ठेवलेली होती. निलंग्याहून, अहमदपूरहून, देगलूरहून बायका आल्या होत्या. सगळ्या नटूनथटून, सगळ्यांचे मोबाइल हातात.

मॅम बऱ्याच उशिरा आल्या. मॅडम म्हणायचं नाही, मॅम म्हणायचं, हे त्यांच्या माणसानं आधीच सांगून ठेवलं होतं. आल्या आल्या त्यांनी दोन्ही हात पसरले आणि म्हणाल्या, “गर्ल्स, आजपासून तुमची लाइफ चेंज होणार!” पन्नाशीकडे झुकलेल्या बायकांनीसुद्धा गर्ल्स होऊन टाळ्या वाजवल्या. मी माझ्या वाट्याच्या मुंडक्याकडे बघत बसले. त्याचा चेहरा मला त्या खोलीत सगळ्यात समजूतदार वाटला.

पहिला धडा केस फुगवण्याचा. “व्हॉल्यूम इज कॉन्फिडन्स,” मॅम म्हणाल्या आणि ते सगळ्यांनी लिहून घेतलं. प्रत्यक्षात करायचं असतं ते इतकंच, की जन्मभर मुळाकडून टोकाकडे विंचरलेले केस त्या दिवशी टोकाकडून मुळाकडे विंचरायचे. बट सरळ उभी धरायची, बारीक दातांची फणी उलटी घालायची आणि खाली दाबायची. पुन्हा घालायची, पुन्हा दाबायची. मुळाशी गुंता होतो. त्या गुंत्यावर फवारा मारायचा आणि वरून एक चांगली, गुळगुळीत बट पसरून आतलं सगळं झाकायचं. झाला पफ. पोरगी शाळेला निघाली की आई ज्या गुंत्यावरून तिच्या पाठीत धपाटा घालते, तोच गुंता लग्नात मुद्दाम करायचा, त्याला इंग्रजी नाव द्यायचं. माझी आई हे बघायला हवी होती.

मग वेण्या. आमची सागरवेणी इथं ‘डच ब्रेड’ झाली होती. खजुरी वेणीचं फिशटेल झालं होतं. समोर बसलेल्या बायकांनी रोज सकाळी पोरींच्या डोक्यात या वेण्या घातल्या होत्या, एकीकडे भाकरी थापत घातल्या होत्या. त्या आता ‘बाहेरची बट आत, आतली बट बाहेर’ असं परीक्षेला बसल्यासारखं लिहीत होत्या. मला हसू आवरत नव्हतं.

पण हसून वेणी येत नाही. माझ्या मुंडक्यावर जे तयार झालं ते बघून शेजारची बाई थांबली. ती उदगीरची. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांच्या धंद्यात होतं आणि ती अलीकडे नवऱ्या सजवायचीही कामं घेई. गोरीपान, ठसठशीत, बुरखा खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून टाकलेला.

“क्या बाई,” ती म्हणाली, “तुमे बालां पकडे की चॉक पकडे?”

माझी बोटं खरंच खडू धरल्यासारखी होती. तिनं माझा अंगठा सोडवला, बट करंगळीवरून फिरवून दिली आणि परत आपल्या कामाला लागली. कौतुक नाही, उपदेश नाही. त्या हॉलमध्ये मला सहन होणारी ती एकटीच होती.

उमरीची एक मुलगी आमच्या पुढच्या ओळीत बसायची. विशी-बाविशीची असेल. बोलणं कमी, पण मॅमनी पेन मागितलं तर पहिली उठणारी. तिचं लग्न ठरलेलं होतं, सासरच्या गावात पार्लर टाकायचं तिच्या मनात होतं. तिचे केस मात्र बघण्यासारखे होते. कमरेच्या खाली जाणारे, दाट, काळेभोर. बायका येता-जाता त्यांना हात लावत. मॅमनाही ते दिसलेच. शेवटच्या दिवशी त्यांनी तिला बोट करून पुढं बोलावलं.

“माय मॉडेल!” त्या म्हणाल्या. पोरगी लाजून लाल झाली. सगळ्यांनी मोबाइल उभे केले.

मॅमनी केस मोकळे केले, त्यांचे भाग पाडले आणि फवारा मारला. भरपूर मारला, केस ओले दिसेपर्यंत. मग क्रिम्पर घेतला. हे मशीन केसांना नागमोडी चुण्या पाडतं, म्हणजे केस जागच्या जागी फुगतात. ते तापून लाल दिवा लागला होता. इतक्या ओल्या केसांवर एवढं तापलेलं लोखंड घालायचं नसतं, हे सांगायला एम.एस्सी. लागत नाही. आतलं पाणी उकळतं आणि केस फुटतो. पण मॅमची नजर मशीनवर नव्हतीच, कॅमेऱ्याकडे होती. कॅमेऱ्याकडे बघत त्या सांगत होत्या, की पुण्यात त्यांच्याकडे कुणाकुणाच्या सुना येतात. मशीन टाळूच्या मागं दाबून धरलेलं तसंच राहिलं.

आधी चर्र आवाज आला. मग वास. जळलेल्या केसांचा वास लपत नाही, पार शेवटच्या ओळीपर्यंत गेला. मॅमनी मशीन उचललं तशी त्याला चिकटून एक अख्खी बट आली.

पोरगी दचकली. मॅमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी ती बट मशीनवरून ओढून खाली टाकली, सँडलनं टेबलाखाली सारली, शेजारचे केस त्या जागेवर ओढले आणि त्यावर कागदी फुलांचा घोस दाबून बसवला. “अँड दिस, गर्ल्स, इज फिनिशिंग!”

टाळ्या झाल्या. सगळ्यांनी बघितलं होतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठून उभी राहिले. “मॅम, तिचे केस जळलेत.”

“सॉरी?”

“केस जळले. बट टेबलाखाली आहे. तिला दाखवा तरी.”

मॅम माझ्याकडे बघून गोड हसल्या. “डिअर, थोडं ब्रेकेज होतंच. प्रोफेशनल लोकांना हे माहीत असतं.” आणि त्यांनी त्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. “बेटा, तुला काही झालं का?”

पोरीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “न्हाई मॅम,” ती म्हणाली. “काहीच झालं न्हाई. लई छान झालंय.”

उदगीरच्या बाईनं माझा पदर ओढून मला खाली बसवलं. “जाने दो बाई,” ती पुटपुटली. “अब्बी सर्टिफिकेट बाटेंगे.”

सर्टिफिकेटं वाटलीच. तिघीतिघींनी मॅमच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतले. उमरीची पोरगी डोक्यावरचा तो घोस सांभाळत सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली. मला त्या क्षणी मॅमचा राग आला नाही, असं वागायचा त्यांचा धंदाच होता. मला त्या पोरीची शिसारी आली. आपलं डोकं जाळून घ्यायचं आणि वर ‘छान झालंय’ म्हणायचं!

नांदेडला आल्यावर मी हे ताईला सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल. ती म्हणाली, “तू बोललीस कशाला? तिथं शिकायला गेली होतीस का कोर्ट भरवायला?” आणि खुर्चीत बसून तिनं आपला अंबाडा सोडला. “चल. काय शिकलीस ते माझ्या डोक्यात दाखव.”

खांद्यामुळे तिला स्वतःची वेणीही घालता येत नव्हती. मग रोज सकाळी तिचं डोकं माझ्या हवाली होऊ लागलं. मी ओढलं की ती शिव्या द्यायची, ढिलं सोडलं की जास्त द्यायची. “हे काय घातलंस, खाटंचा सुंभ हाय का?” तिचे केस विरळ, करडे, त्यामुळे त्यांना फुगवणं अवघडच. मी मशीन कमी तापवायला शिकले, कोरड्या केसांवरून झटकन फिरवायला शिकले. फणी मुळाशी किती दाबायची ते बोटांना कळू लागलं. पाचपेडी वेणी जमली त्या दिवशी ताई आरशात मान तिरकी करून कितीतरी वेळ बघत बसली. मग म्हणाली, “ठीक हाय.” मला त्या कलेबद्दल काडीचा आदर वाटत नव्हता. पण हातातून काहीतरी नीट उतरलं की बरं वाटतं, मग ते काहीही असो. याचाही मला रागच येई.

आणि एके दिवशी दुपारी पडदा बाजूला करून ती उमरीची पोरगी आत आली. बरोबर आई. उमरीहून गाडीनं आल्या होत्या, उदगीरच्या बाईकडून आमचा पत्ता काढून. पोरीनं डोक्यावरची ओढणी घट्ट धरली होती. खुर्चीत बसवून मी ती काढली. टाळूच्या मागं, तळहात झाकेल एवढ्या जागेत केस नव्हते. होते ते आखूड, खुरट्या गवतासारखे उभे राहिलेले. लांब केस त्यावरून ओढले तरी ते खालून डोकावत.

“लग्न पुढच्या आठवड्यात हाय ओ,” आई म्हणाली. “पाहुण्यांनी केस बघूनच पसंत केलं हिला. बघायला आले तव्हा वेणी सोडून दाखवा म्हणले. आता हे दिसलं तर काय म्हणतील? रोग हाय म्हणतील.”

“कसं झालं हे?” मी मुद्दामच विचारलं.

पोरगी आरशात माझ्याकडे बघत होती. “मशीन लागली दीदी,” ती म्हणाली. “माझीच चूक. मी हलले.”

म्हणजे अजूनही! माझ्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. ताईनं मागून डोळे वटारले. मी गिळून टाकलं आणि फणी घेतली.

लग्नाच्या दिवशी ताई आणि मी पहाटेच्या गाडीनं मुदखेडमार्गे उमरीला गेलो. नवरीच्या खोलीत मावश्या, चुलत्या, त्यांची लेकरं, सगळी कोंबलेली. ताईनं जाताच निम्म्यांना बाहेर काढलं. मी पोरीच्या आखूड केसांना हळूच चुण्या पाडून ते आडवे बसवले. त्यांच्या भोवतीच्या केसांची मुळं उलट विंचरून भिंतीसारखी उभी केली. आता वरून झाकायला एखादी बट पुरणार नव्हती, सुटली की सगळं उघडं पडलं असतं. म्हणून मी डाव्या कानामागून सागरवेणी धरली आणि सरळ खाली न आणता टाळूवरून तिरकी, उजव्या खांद्याकडे नेली. दर वळणाला थोडे थोडे केस त्यात घेत गेले. वेणीचा कणा बरोबर त्या जागेवरून गेला. मग पेड सैल करून रुंद केले, मोगरा लावला. अशी वेणी मी कुठं बघितली नव्हती. कुणी शिकवलीही नव्हती.

मी शेवटची पिन खोचत होते तेवढ्यात नवऱ्या मुलाची आई आत आली. साडीच्या निऱ्या सावरत, सून बघायला म्हणून. सून समोर होती, पण ही मागं गेली.

“आता बया, अशी कशी वाकडी घातली? अन् केस खरे हायत ना? आजकाल गंगावन लावून फसिवतात लोक.”

आणि तिनं वेणी हातात धरून ओढली. खरोखर ओढली, बाजारात गाईची शेपटी ओढावी तशी. पोरीच्या आईचा चेहरा पांढरा पडला. वेणी हलली नाही.

मी म्हटलं, “अजून ओढा की. वेणी न्हाई यायची, नवरी येईल हातात.”

ताईनं मला असा चिमटा काढला की दंडावर वळ उठला. खोलीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. विहीणबाईंनी मला खालून वर बघितलं, “लई तोंडाळ हाय ओ तुमची बाई,” असं ताईला सांगितलं आणि समाधानानं निघून गेल्या. केस खरे निघाले होते. पोरगी खरी का खोटी, हे त्यांना बघायचंच नव्हतं.

लग्न लागलं. नवरी पाठमोरी वळली की बायका एकमेकींना कोपरानं ढोसत. मी शेवटच्या पंगतीत जेवले आणि मनात म्हटलं, सुटली पोरगी. कुठं सुटली होती कोण जाणे. त्याच घरात गेली होती.

नंतर काही दिवसांनी ताईनं मोबाइल माझ्यासमोर धरला. पोरीनं आपला पाठमोरा फोटो टाकला होता. तिरकी वेणी, मोगरा, सगळं. खाली लिहिलं होतं की हे सगळं आपल्या लाडक्या मॅमच्या आशीर्वादानं, त्यांनीच शिकवलं. मॅमनी लगेच तो फोटो आपल्याकडेही टाकला होता, ‘माय स्टुडंट, माय टेक्निक’ म्हणून. खाली हृदयांचा पाऊस.

मी तिला फोन लावला. “अगं, हे काय लिहिलंस?”

ती जराही गोंधळली नाही. “रागावू नका दीदी. मॅमचं नाव टाकलं की लोक बघतात. मला इथं पार्लर टाकायचं हाय. तुमचं नाव कोण ओळखतंय?” मग आवाज उतरवून म्हणाली, “सासूबाईंनी अजून बघितलं न्हाई. केस यायला लागलेत आता.”

मी फोन ठेवून दिला. हिशेब तिनं बरोबरच केला होता. अशा चोख हिशेबाची किळस येते मला, पण तिच्या जागी असते तर मला दुसरा सुचला असता का, हे काही सांगता येत नाही.

ताई मात्र खूश होती, कारण लग्नसराईत गिऱ्हाइकं तोच फोटो घेऊन येऊ लागली. परवा एक नवरी आली, केस जाड, डोकं धडधाकट, कुठं काही झाकायची गरज नाही. तिनं मोबाइल पुढं केला.

“मला हीच वेणी पाहिजे. पुण्याच्या मॅमची हाय, माहितीये का? त्यांची खास स्टाइल हाय. अशी तिरकीच आली पाहिजे. जमेल ना तुम्हाला?”

ताई कोपऱ्यात एकीच्या भुवया कोरत होती. तिचा दोरा थांबला. मी काय बोलते, याची ती वाट बघत होती.

“प्रयत्न करते,” मी म्हटलं आणि पोरीचं डोकं पुढं वाकवलं.